डोहाळे आणि पाळणा यांच्यामध्ये : मराठी साहित्यातील बाळंतीण

बंगळूरच्या उत्तरेचे येलहंका आज त्या महानगराचे उपनगर मानले जाते. इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर येलहंका आधीचे आणि बंगळूर नंतरचे. येलहंक्याचे नाडप्रभू केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळूरचा कोट उभारला आणि पेठ वसविली. या कोटाची एक आख्यायिका कन्नड लोकपरंपरेने जतन केली आहे. कोटाचा दक्षिणेकडील दरवाजा दिवसा बांधावा आणि रात्री ढासळावा, असे वारंवार होऊ लागले. गर्भवती स्त्रीचा बळी दिल्याखेरीज दरवाजा टिकणार नाही, असे जाणत्यांनी सांगितले. केंपेगौडांचे मन त्यास धजेना, तेव्हा त्यांची गर्भवती सून लक्ष्मम्मा रात्री एकटीच दरवाजापाशी गेली आणि तिने स्वतःचे शिर वाहिले. दरवाजा उभा राहिला. कोरमंगल येथे तिचे स्मारक आहे. आख्यायिकेला इतिहासाचे प्रामाण्य देता येत नाही. परंतु समाजाने आपल्या मनाशी कोणता हिशेब मांडला होता, हे तिच्यातून कळते. येथे गर्भवतीच्या देहाचे मोल दरवाजाच्या मोलाशी जोडलेले आहे. आणि लक्ष्मम्मेला स्वतःला काय वाटले, हे विचारण्याची गरज कथेला भासलेली नाही.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले व पुढे ते शहाजीराजांच्या ताब्यात आले. मराठी आणि कन्नड यांचा शेजार त्याहूनही जुना आहे, आणि तो लोककथांत अधिक स्पष्ट दिसतो. कन्नडमधील ‘केरेगे हार’ या कथागीतात तळ्याला पाणी लागावे म्हणून धाकटी सून भागीरथी अर्पण केली जाते. मराठीतील शीतळासप्तमीच्या कहाणीतही तळ्याला पाणी लागत नाही, आणि जलदेवता राजाच्या सुनेचा थोरला मुलगा मागतात. सुनेला माहेरी धाडले जाते आणि तिच्या पाठीमागे मूल तळ्याला दिले जाते. मराठी कहाणी पुढे ते मूल आईला परत देते, एवढी ती मायाळू आहे. मात्र आईला न विचारता जे घडले, त्याविषयी ती काहीच बोलत नाही.

‘जीवनाची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोग आरोग्यशास्त्राने अलीकडे रूढ केला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात तिच्या मापनासाठी तयार केलेल्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न आहेत, आणि ते शरीर, मन, सामाजिक नाती व परिसर अशा चार क्षेत्रांत विभागलेले आहेत. या प्रश्नावलीचे वैशिष्ट्य असे की तिची उत्तरे ज्याचे जीवन आहे त्याने स्वतः द्यावयाची असतात. बाळंतिणीच्या संदर्भात ही साधी अट फार महत्त्वाची ठरते. तिच्याविषयी सासू, सुईण, वैद्य, पुरोहित आणि कवी या सर्वांनी पुष्कळ सांगितले आहे. तिला स्वतःला कोणी विचारले, आणि केव्हा विचारले, या प्रश्नाच्या अनुरोधाने मराठी वाङ्मयाचा मागोवा घेतला तर एक लक्षणीय चित्र हाती येते.

मराठी लोकवाङ्मयाने गर्भवतीला डोहाळेगीते दिली आणि नवजात अर्भकाला पाळणे दिले. डोहाळेगीतात स्त्री मध्यभागी असते. तिला काय खावेसे वाटते, कुठे बसावेसे वाटते, हे सारे घर कौतुकाने ऐकते. पाळण्यात मध्यभागी बाळ येते, आणि आईचा स्वर त्याच्याभोवती झुलत राहतो. या दोन गीतप्रकारांच्या मध्ये बाळंतिणीची खोली आहे. अंधारी, धुरीने भरलेली, बाजेखाली शेगडी ठेवलेली ही खोली. तेथे स्त्री रक्ताने, दुधाने, वेदनेने आणि कधी भयाने वेढलेली असते. या खोलीचे स्वतंत्र, प्रतिष्ठित असे गीत मराठीत रूढ झाले नाही. ओव्यांत तिचे उल्लेख विखुरलेले आहेत. पण ज्याला डोहाळ्यांसारखे नाव मिळाले, असा प्रकार त्या खोलीला लाभला नाही.

या मौनाची भरपाई आचारांनी केली. बाळंतशोपा, ओवा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, तेलाचे मर्दन, शेक, पोट बांधणे, सव्वा महिन्याची विश्रांती, पहिल्या खेपेस माहेर ही व्यवस्था विचारपूर्वक घडलेली आहे. तिच्या मागे आयुर्वेदाचा दीर्घ वारसा आहे. काश्यपसंहितेत सूतिकेच्या उपचाराचा स्वतंत्र अध्यायच आहे. बाळंतिणीच्या झिजलेल्या शरीराला काही काळ कामातून सुटका हवी, याची जाण या आचारांत निःसंशय आहे. तथापि याच आचारांना सोयराची दुसरी बाजू आहे. जिला जपावयाचे, तिलाच शिवावयाचे नाही. पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते. त्या रात्री घराचे सारे लक्ष त्या कपाळाकडे लागलेले असते. बाळंतिणीच्या कपाळाकडे पाहण्याचे काम कोणत्याही देवतेकडे सोपविलेले नाही.

लोकमानसाला तिच्या यातनेची जाणीव नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. बाळंतपणात मरण पावलेल्या स्त्रीची अळवंतीण होते, ती अतृप्त राहून जिवंतांना छळते, ही समजूत महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित होती. जी स्त्री जिवंतपणी बाजेवर निमूट पडून राहिली, तिच्या मनात काही राहून गेले असले पाहिजे, याची ही कबुलीच आहे. परंतु ती कबुली मृत्यूनंतरची आणि भयाच्या रूपातली आहे. जिवंत बाळंतिणीचा राग ऐकण्यापेक्षा मेलेल्या बाळंतिणीच्या रागाचा बंदोबस्त करणे समाजाला सोपे वाटले.

या पार्श्वभूमीवर पिठोरी अमावास्येची कहाणी आवर्जून वाचावी अशी आहे. व्रतकथा म्हणून ती परिचित आहे. बाळंतिणीची कथा म्हणून तिचा विचार क्वचितच झाला. प्रचलित पाठात ब्राह्मणाच्या घरी श्रावणी अमावास्येला श्राद्ध असते. नेमकी त्याच दिवशी त्याची सून दरवर्षी बाळंत होते, मूल दगावते आणि पानावर बसावयाचे ब्राह्मण उपाशी परततात. सातव्या वर्षी सासरा संतापतो, मेलेले मूल तिच्या ओटीत घालतो आणि तिला रानात घालवून देतो. सात वर्षांत सात बाळंतपणे आणि सात मृत्यू. घराला खुपते ते मोडलेले श्राद्ध. ओटी ही मराठी संस्कृतीत सौभाग्याची आणि संततीच्या आशीर्वादाची जागा. त्याच ओटीत प्रेत घातले जाते. आठ-दहा वाक्यांत ही कहाणी जे सांगून जाते, ते सांगावयास पुढच्या काळात कादंबऱ्या लागल्या.

रानात ती बेलाच्या झाडावर लपते. रात्री नागकन्या, देवकन्या आणि चौसष्ट योगिनी पूजेला येतात. पूजा आटोपल्यावर त्या अतिथी कोण आहे असे विचारतात, आणि ती खाली उतरून आपली हकीकत सांगते. त्यानंतर तिची सातही मुले जिवंत होतात. व्रताच्या दृष्टीने कहाणीचे फलित मुलांच्या पुनर्जन्मात आहे. वाङ्मयीन दृष्टीने तिचा मध्यबिंदू योगिनींचा तो प्रश्न आहे. सात वर्षांत प्रथमच या स्त्रीला कोणी तरी ती कोण असे विचारते, आणि विचारणाऱ्या स्त्रिया आहेत, तेही गावाबाहेरच्या. घरी परतल्यावर सासरा सामोरा येतो, तो सात नातवंडांना पाहून. ती एकटी परतली असती तर दार उघडले असते काय, हा प्रश्न कहाणी मोकळाच ठेवते.

ओवी ही याच प्रश्नाची घरातली जागा होती. जात्यावर बसलेली बाई कोणाला उत्तर देण्यास बांधलेली नसे. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्यांचा संग्रह केला, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारा त्यांचे भांडार खुले केले, ग्यी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. या ओव्यांतली लेक बाळंतपणात आईला आठवते, सासरच्या शेकापेक्षा माहेरच्या हाताची ऊब मागते. मात्र ओवी सहसा नात्याच्या भाषेत बोलते. शरीराच्या वेदनेचे रूपांतर ती माहेरच्या ओढीत करते, आणि त्यामुळेच ती म्हणता येते. व्यथेला मान्य होईल असा वेष चढविल्याशिवाय ती उच्चारता येऊ नये, ही ओवीकर्तीची मर्यादा नव्हती. तिच्या भोवतालाची होती.

एकोणिसाव्या शतकात ही व्यथा प्रथमच माहेरच्या ओढीऐवजी ज्ञानाच्या ओढीत परिणत झाली. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियातील स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. पदवीसाठी त्यांनी निवडलेला प्रबंधविषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. आनंदीबाईंच्या चरित्राला समुद्रोल्लंघनाची आणि पहिलेपणाची झळाळी आहे, त्यामुळे या विषयनिवडीकडे पुरेसे लक्ष जात नाही. चौदा वर्षांची एक बाळंतीण ज्या खोलीतून रिकाम्या हातांनी बाहेर पडली, त्या खोलीकडे ती अभ्यासक म्हणून परतली, हा त्या निवडीचा अर्थ आहे. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, म्हणजे एका स्त्रीचे जीवन दुसऱ्या स्त्रीने विचारपूर्वक नोंदविले. पुढे श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने ही कथा घराघरांत पोचविली. कादंबरीचे नावच सांगते त्याप्रमाणे तिचा गाभा पतिपत्नींच्या विलक्षण संबंधात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. अपत्यजन्म, अपत्यवियोग, नवऱ्याची भटकंती, सोवळ्याओवळ्याचा काच आणि १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची दत्तूसह काढलेली एकाकी वर्षे, हे सारे लक्ष्मीबाई अत्यंत साध्या बोलीत सांगतात. त्यांच्या विनोदाविषयी मराठी समीक्षेने भरभरून लिहिले आहे. त्या विनोदाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी एडिंबरो येथे १९८७ मध्ये सिद्ध झालेल्या, आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या दहा प्रश्नांच्या सूचीत पहिलाच प्रश्न गेल्या सात दिवसांत हसता आले काय, या आशयाचा आहे. हसू शकणे हे मन शाबूत असल्याचे चिन्ह आहे, ही वैद्यकाची जाण लक्ष्मीबाईंच्या गद्यात आधीच अनुभवाला येते. मात्र हे हसू त्या काळी, त्या खोलीत उमटलेले नाही. ते अनेक वर्षांनंतर, आठवणी सांगताना उमटले आहे. मधल्या काळात त्या मनाने काय सोसले, याचा अंदाज वाचकाने त्यांच्या वाक्यांच्या आटोपशीरपणावरून करावयाचा असतो.

स्त्रीच्या देहावर वारंवार लादल्या जाणाऱ्या बाळंतपणाचा विचार निबंधगद्यातही झाला. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. मूल हवे की नको हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा, ही त्यांची भूमिका त्या काळी अश्लील ठरविली गेली. पिठोरीच्या कहाणीतील सात वर्षांच्या सात बाळंतपणांना दैवाऐवजी मानवी निर्णयाच्या कक्षेत आणणारे हे मराठीतील पहिले सातत्यपूर्ण लेखन होय.

आतापर्यंतचा विचार एका गृहीतकावर उभा आहे. बाळंतिणीला खोली असते, बाज असते, शेगडी असते आणि सव्वा महिना असतो, हे ते गृहीतक. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने ते समूळ मोडून काढले. ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः आलेले हे लेखन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. महारवाड्यातील बाळंतिणीची त्यात येणारी वर्णने मराठी गद्यातील अत्यंत दाहक वर्णनांपैकी आहेत. अडलेल्या कोवळ्या पोरी, अज्ञानी सुईणींच्या हातून होणारे हाल, अंगाखाली घालावयास धड चिंधी नाही, आणि बाळंत झाल्यावर पोटात घालावयास अन्न नाही. जेथे डिंकाचे लाडू हा शब्दच पोचलेला नाही, तेथे बाळंतपण म्हणजे उपास. वस्तीतल्या बाया आपल्या दारिद्र्यातून जे देता येईल ते देतात, आणि तेवढ्यावर ती उभी राहते किंवा राहत नाही.

या लेखनाची शक्ती केवळ त्याच्या वास्तवात नाही. पुस्तकाच्या नावातील ‘आमुचं’ हे बहुवचन त्याच्या रचनेत शेवटपर्यंत टिकते. ‘स्मृतिचित्रे’तील ‘मी’ स्वतःच्या स्वभावाने उठून दिसते. ‘जिणं आमुचं’मधील निवेदिका स्वतःचे वेगळेपण बाजूला ठेवून वस्तीच्या वतीने साक्ष देते. बाळंतिणीचा अनुभव एरवी अत्यंत खाजगी मानला जातो. तो सामूहिक सर्वनामात सांगितल्यामुळे त्याची जबाबदारीही व्यक्तीच्या दैवावरून समाजाच्या व्यवहारावर येते. भूक ही येथे नशिबाची गोष्ट राहत नाही. अन्न कोणाच्या घरी साठते आणि कोणाच्या घरी साठू दिले जात नाही, हा प्रश्न होतो. बेबीताईंनी हे लेखन सुमारे वीस वर्षे घरच्यांच्या नजरेआड ठेवले होते, ही बाबही या संदर्भात अर्थपूर्ण आहे. बाळंतिणीची हकीकत सांगणारीलाही आपले सांगणे लपवावे लागले.

साहित्याने जे जाणले त्याला अलीकडच्या संशोधनाने अंकांचे रूप दिले आहे. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. दारिद्र्य, पतीशी दुरावलेले संबंध आणि नवजात अर्भकाचे मुलगी असणे यांचा या नैराश्याशी संबंध दिसून आला. गडचिरोलीतील ३९ गावांत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ७७२ स्त्रियांची घरोघरी पाहणी केली. सुमारे ४३ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या काळात काही ना काही आजार झाला होता. हे आजार गावांत नवे नव्हते. कोणी दाराशी जाऊन विचारल्यामुळे ते प्रथमच मोजले गेले.

अंक आणि साहित्य यांचे कार्य एक नव्हे. पाहणी सांगते की शंभरांतील तेवीस स्त्रिया खिन्न आहेत. त्यांतील एक स्त्री पहाटे बाळ रडत असता भिंतीकडे तोंड करून का पडून राहते, हे सांगणे साहित्याचे काम. उलट, साहित्यातील एका बाळंतिणीचे दुःख तिच्या स्वभावाचे किंवा दैवाचे फळ म्हणून बाजूला सारता येते. पाहणी ती पळवाट बंद करते. मराठी समीक्षेने मातृत्वाच्या उदात्तीकरणाची चिकित्सा केली आहे. आईच्या प्रतिमेखाली बाळंतिणीचे शरीर किती काळ झाकले गेले, याचा हिशेब अद्याप अपुरा आहे. ‘श्यामची आई’सारख्या आदर्शाची पूजा करणाऱ्या वाचकवर्गाला ‘जिणं आमुचं’मधील आई शेजारी ठेवून वाचावी लागेल, तेव्हाच ‘आई’ या शब्दाचा पूर्ण अर्थ हाती येईल.

अखेरीस पुन्हा येलहंक्याकडे वळणे उचित ठरेल. या परिसरातील मराठी घरांत बाळंतपणासाठी आलेली आई आणि शेजारची कन्नड बाई यांना एकमेकींची भाषा येत नसली तरी एक शब्द दोघींना कळतो. मराठी ‘बाळंतीण’ला कन्नड ‘बाणंति’ म्हणते, आणि ‘बाळंतपणा’ला ‘बाणंतन’. मराठीत ओटी भरतात, कन्नडमध्ये ‘मडिलु’ भरतात. कर्नाटक शासनाने २००७ मध्ये सरकारी रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब स्त्रियांना अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, साबण अशा वस्तू देण्याची योजना आखली, तेव्हा तिला ‘मडिलु’ हेच नाव दिले. त्याच शहराच्या दक्षिण भागातील ‘निम्हान्स’ या मानसोपचार संस्थेत २००९ पासून मातेला आणि तिच्या तान्ह्याला एकत्र दाखल करून घेणारा स्वतंत्र कक्ष आहे. प्रसूतीनंतर मन ढळलेल्या स्त्रीपासून बाळ तोडू नये, आणि बाळासाठी तिच्या आजाराकडे डोळेझाकही करू नये, हे त्यामागचे तत्त्व.

ज्या वंशाच्या कोटासाठी गर्भवतीने प्राण दिल्याची कथा सांगितली जाते, त्याच शहरात आता बाळंतिणीला तिच्या मनाची स्थिती विचारली जाते. हा बदल लहान नाही; पण तो अजून थोड्या दारांपर्यंतच पोचला आहे. पिठोरीच्या रानात योगिनींनी विचारलेला प्रश्न विचारण्यास मराठी लेखिकांना शतके लागली. तो प्रश्न आता गावातच, घरात, बाजेशेजारी बसून विचारला जावा, आणि बाळंतिणीने त्याचे उत्तर वेष न पालटता द्यावे, अशा लेखनाची मराठीला आजही प्रतीक्षा आहे.